उद्याचा रॅक

आप्पा गेल्यावर चौदाव्या दिवशी मगदूम मालकांचा फोन आला. दिवस नीट पार पडले का, पाहुणे गेले का, हे त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाले, "वैजूताई, डबी नुसती उद्या-उद्या म्हणायला लागलीया. रॅक भरून वाहतोय. तुम्ही पुण्याला जायच्या आधी एकदा येऊन जावा. तुमची सही पण लागणार आहे."

मी म्हटलं, येते. आप्पांचे शर्ट घड्या घालून पलंगावर ठेवले होते, ते तसेच ठेवले आणि घराला कुलूप लावलं. फाटकापर्यंत गेल्यावर परत येऊन कुलूप ओढून पाहिलं. शोकाबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. माणूस कुलूपं तपासत फिरतो, असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

माझे वडील केरबा मुळीक. शिरोलीत मगदूमांच्या फाउंड्रीत ते बेचाळीस वर्षं ब्रेक ड्रम ऐकत होते. ट्रकच्या चाकात बसणारा हा ड्रम ओतीव लोखंडाचा असतो. ओतताना किंवा निवताना त्याला आतून केसाएवढी चीर पडू शकते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. आप्पा लाकडी दांड्याची छोटी हातोडी घेऊन ड्रम तीन जागी ठोकायचे. धड ड्रम घंटेसारखा वाजतो, चिरलेला बद्द वाजतो. पण या दोन्हींच्या मधले आवाज फार असतात, आणि आप्पांचं सगळं काम त्या मधल्या आवाजांचं होतं.

त्यांच्याकडे तीन खडू असायचे. धड ड्रमवर पांढरी रेघ, चिरलेल्यावर लाल फुली. ज्याची खात्री वाटत नाही त्यावर निळा ठिपका. निळे ड्रम एका वेगळ्या रॅकवर जायचे. त्या रॅकला सगळे 'उद्या' म्हणायचे. रात्रभर निवल्यावर लोखंडातला ताण सुटतो आणि लपलेली चीर उघडते. शिवाय सकाळी साडेसहाला मशीनं बंद असतात, कान ताजा असतो. आप्पा चहाच्या आधी 'उद्या' ऐकून मोकळा करायचे. लहानपणी मी त्यांना काही मागितलं की ते कधी कधी कपाळावर बोट टेकवून म्हणायचे, "निळा." म्हणजे उद्या बघू.

डबी, म्हणजे माणसाचं बघून शिकणारी चिप, मगदूमांनी पावणेदोन वर्षांपूर्वी बसवली.

नेहमीच्या संगणकात आठवण एका जागी असते आणि गणित दुसऱ्या जागी होतं. आकडे सतत या दोन जागांमध्ये ये-जा करत राहतात, आणि वीज नि वेळ बहुतेक त्या ये-जा करण्यातच जातात. या नव्या चिपमध्ये ती ये-जा नाही. धातूच्या अतिशय बारीक तारा उभ्या-आडव्या टाकलेल्या असतात आणि जिथे दोन तारा एकमेकींना छेदतात तिथे ऑक्साइडचा एक पातळ थर असतो. त्यातून वीज गेली की थराचा विरोध किंचित बदलतो आणि वीज बंद केली तरी तसाच राहतो. मैदानात लोक चालतात तिथलं गवत दबतं आणि पायवाट होते, तसं. शिकणं आणि लक्षात ठेवणं त्या एकाच थरात होतं. त्यामुळे अशी चिप घड्याळाच्या सेलवर चालते, तिला इंटरनेट लागत नाही, आणि ती माणसाच्या शेजारी बसून त्याचं काम बघत शिकते.

एक अडचण मात्र आहे. कुठलेही दोन थर अगदी सारखे नसतात, म्हणून एका चिपचं शिकलेलं दुसरीत ओतता येत नाही. आणि सगळे छेद एकेक करून वाचायला गेलं तर वाचण्यानेच ते बिघडतात. एका डबीत एकच कान. तिची नक्कल होत नाही.

पाचेक वर्षांत अशा डब्या सगळीकडे गेल्या. इचलकरंजीत कापडावरून फिरणारी बोटं, सांगलीत हळद हुंगणारी नाकं त्यांनी उचलली. माझ्या पुण्यातल्या क्लिनिकमध्येही एक आहे. मी लोकांचे कान तपासते. पूर्वी माझ्याकडे रिपोर्ट लिहायला दोन मुली होत्या, आता एक आहे. तेव्हा मी फार विचार केला नव्हता.

या डब्यांसाठी कायदाही आला. ज्याच्याकडून डबी शिकली तो माणूस गेला, तर पुढे तिचं काय करायचं यावर वारसाची लेखी संमती लागते. मगदूमांना हवी होती ती हीच सही.

फाउंड्रीच्या दारात हसीना मुजावर उभ्या होत्या. तपासणीच्या टेबलावर त्या आप्पांच्या जोडीला बारा वर्षं होत्या. ड्रम पुढे ओढायचा, पुसायचा, ऐकून झाला की शिक्का मारायचा, हे त्यांचं काम.

"या ताई. जेवलासा का?"

"हो."

"खोटं बोलताय. तोंड बघा की कसं झालंय." त्यांनी माझा दंड धरला. "दोन घास खाऊन घ्या आधी. मी करतो गरम."

आमच्याकडे बायकाही 'करतो', 'जातो' म्हणतात. पुण्यात राहून माझं ते गेलं. मी म्हटलं, नंतर. त्यांनी दंड सोडला नाही, तसंच टेबलापर्यंत नेलं.

'उद्या' रॅकचे चारही कप्पे भरले होते. उरलेले ड्रम खाली फरशीवर एकावर एक रचले होते आणि प्रत्येकावर निळा ठिपका होता. टेबलावर साबणाच्या वडीएवढी डबी होती. एक माईक, तीन दिवे, तीन बटणं: धड ड्रमला हिरवं, चिरलेल्याला लाल, शंकेला निळं. आप्पा ऐकून बटण दाबायचे आणि डबी शिकायची. गेल्या वर्षापासून दुपारची पाळी ती एकटीच सांभाळत होती. तिने निळे ठरवलेले ड्रम सकाळपर्यंत आप्पांसाठी थांबायचे.

आता सकाळी कोणी येत नव्हतं.

ऑफिसात मगदूम होते, श्रीपाल मगदूम, आप्पांपेक्षा वीस वर्षांनी लहान. आप्पा त्यांना त्यांच्या वडिलांच्या काळापासून ओळखत होते. शेजारी डबीच्या कंपनीकडून आलेले नाडगौडा लॅपटॉप उघडून बसले होते. मगदूमांनी माझ्यासमोर कागद ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"तीन रस्ते आहेत," नाडगौडा म्हणाले. "एक, कुलूप. डबी आज आहे तशीच राहील, पुढे काही शिकणार नाही. दोन, मोकळी. म्हणजे जो कोणी टेबलावर बसेल त्याच्याकडून ती शिकत जाईल."

"आणि आप्पांचं?"

"पुसलं जात नाही. पण नवीन वर चढत जातं. सहा महिन्यांनी वेगळं काढून दाखवता येणार नाही." त्यांनी कागदावर खाली बोट ठेवलं. "तिसरा रस्ता, तुम्ही ती घरी नेऊ शकता. कायद्याने तो तुमचा हक्क आहे. पाच वर्षं तरी चालेल. तिच्यापुढे काहीही ठोकलं तरी ती उत्तर देईल."

मगदूम खुर्चीत पुढे सरकले. "ताई, मला कुलूप पाहिजे. ट्रक कंपनीनं या डबीला पास केलंय ते आप्पांच्या कानावर. मोकळी केली की पास रद्द, परत परीक्षा, तीन-चार महिने माल थांबला. साठ माणसं आहेत माझ्याकडं."

"आणि हे निळे?"

"तेच तर. नाडगौडा म्हणतायत, कुलूप लावताना निळा दिवा काढून टाकता येतो. आप्पांचा स्वभाव भित्रा होता शेवटी शेवटी. डबीनं तो उचलला. फुली नसंल तर पांढरी रेघ, सोपं काम."

मी पेन हातात घेतलं. ते मला आठवतं. माझ्या मनात विरोध नव्हता, संमतीही नव्हती. दोन आठवडे लोक जिथे सांगत होते तिथे मी सह्या करत होते. दाखल्यावर केली, बँकेत केली.

'भित्रा' या शब्दापाशी मात्र मी थांबले. आप्पा भित्रे नव्हते. तपासणीच्या कामात मी माणसांची एक गोष्ट रोज बघते. ऐकू आलं की बटण दाबा, असं आम्ही सांगतो. ज्याला ऐकू येत नाही तो आधी चाचपडतो आणि मग उगाच बटण दाबायला लागतो. चाचपडणं आणि भिणं बाहेरून सारखंच दिसतं.

"नोंदी आहेत?" मी विचारलं. "प्रत्येक ड्रमचा आवाज आणि त्यांनी दाबलेलं बटण?"

"आहेत की. पहिल्या दिवसापासून," नाडगौडा म्हणाले.

"मला तासभर द्या."

मगदूमांनी घड्याळाकडे पाहिलं. चहा मागवला.

ड्रमच्या आवाजात अनेक सूर एकत्र असतात. मोठी चीर खालच्या, जाड सुरात कळते. बारीक चीर फक्त वरच्या, पातळ सुरात कळते, जिथे सेकंदाला पाच-सहा हजार कंपनं होतात. मी नाडगौडांना नोंदी महिन्यांप्रमाणे लावायला सांगितल्या आणि प्रत्येक महिन्यात बघत गेले: फरक फक्त वरच्या सुरात असलेला ड्रम आला तेव्हा आप्पांनी कोणतं बटण दाबलं.

पहिल्या महिन्यात सहा हजारांपर्यंत ठाम लाल, ठाम हिरवं. पाचव्या महिन्यात सहा हजारांवर निळं. दहाव्यात पाच हजारांवर. शेवटच्या महिन्यात साडेतीन हजारांच्या वर सगळं निळं.

मी मगदूमांकडून चौकटीचा कागद मागून घेतला आणि रेघ काढली. क्लिनिकमध्ये अशा रेघा मी रोज काढते. वयाने आणि कारखान्याच्या गोंगाटाने कान वरच्या सुरांकडून मिटत येतो. नाव लिहायच्या जागी माझा हात आपोआप गेला. मी लिहिलं: केरबा मुळीक, वय ६८.

ते शेवटची दोन वर्षं जेवायला बसताना जागा बदलायचे. मला डावीकडे घ्यायचे. पंख्याचा वारा लागतो म्हणायचे. उजव्या कानाने ऐकू येईनासं झालं की माणूस हेच करतो, असं मी पेशंटच्या नातेवाइकांना बोटावर मोजून सांगते. मी पंख्याची दिशा बदलून दिली होती.

एकदा मी म्हटलंही होतं, क्लिनिकवर चला, तपासू. ते हसले. "माझा कान तपासतीस व्हय गं? त्याच कानावर शिकलीस की तू." मला ते खरं वाटलं. मी विषय सोडून दिला.

"नाडगौडा," मी म्हटलं, "फरक वरच्या सुरात होता आणि तरी हिरवं दाबलं, असे ड्रम शेवटच्या वर्षात किती?"

त्यांनी शोधलं. पुन्हा शोधलं. "एकही नाही."

"एकही?"

"नाही मॅडम. तिथं सगळीकडं निळंच."

मी कागद मगदूमांकडे फिरवला. "आप्पांना ऐकू येत नव्हतं. गेलं वर्षभर. जिथे ऐकू आलं नाही तिथे त्यांनी उद्या म्हटलं. डबीही तेच शिकली."

मगदूमांनी कागद जवळ ओढला. "पण सकाळी रॅक मोकळा व्हायचा की. रोज. मी स्वतः बघितलंय. आणि ट्रक कंपनीकडनं वर्षभरात एक ड्रम परत आला नाही. ऐकू येत नव्हतं तर सकाळी निकाल कोण देत होतं?"

चहाचा ट्रे घेऊन हसीनाभाभी दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. कपातला चहा थोडा बशीत सांडला होता.

"मी," त्या म्हणाल्या.

त्यांनी बशी सरळ केली.

"ते ठोकायचे, मी ऐकायचो. मी सांगितलं की ते खडू मारायचे. साडेसहाला कोण नसतंय इथं. डबीबी बंद असती, ती आठला पाळी सुरू झाली की चालू करायची."

"मला का सांगितलं नाही?" मगदूमांचा आवाज चढला. "बारा वर्षं शिक्के मारताय, आणि..."

"तुम्ही काय केलं असतं मालक? म्हातारा कामातनं गेला म्हणून घरला बसवलं असतं. आणि माझं ऐकलं असतं व्हय? शिक्का मारणाऱ्या बाईचं?" मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज खाली आला. "तुमास्नी सांगायचं मी लई वेळा म्हटलं ताई. ते म्हणायचे, वैजूला कळालं तर ती स्वतःला लावून घेईल. तिचं कामच हे हाय, आणि घरचाच कान राहिला म्हणून."

मी चहाचा कप घेतला. बशीतला चहा कपात ओतला. असं काहीतरी करत राहणं बरं असतं.

मला रडू येईल असं त्यांना वाटलं असावं, कारण त्या जवळ येऊन उभ्या राहिल्या. पण मला फक्त एवढंच दिसत होतं, की सकाळी साडेसहाला दोन माणसं मिळून एक ड्रम ऐकतात. एकाचा हात, दुसरीचा कान. आणि डबी शेजारी बंद पडलेली आहे. तिने आप्पांचा सगळा संशय उचलला, आणि तो संशय ज्या कानाने रोज सकाळी फेडला, तो तिच्यापर्यंत कधी पोचलाच नाही.

"निळा दिवा काढला," मी मगदूमांना म्हटलं, "तर हे सगळे ड्रम पांढऱ्यात जातील."

"सगळे थोडेच चिरलेले असतात ताई. शंभरात दोन. फार तर तीन..." ते बोलता बोलता थांबले. ट्रकच्या चाकात बसणाऱ्या शंभरांतले तीन. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लहान असताना मला केरबानंच हातोडी धरायला शिकवलं," ते म्हणाले. "मला कधी जमलं नाही. ते म्हणायचे, मालक, तुम्ही ऑफिस बघा."

"मला डबी जरा बघू द्या," मी म्हटलं.

टेबलापाशी मी एकटीच गेले. डबी तळहातावर घेतली. ती कोमट होती. रिकाम्या चहाच्या कपावर मी हातोडीने हलकेच ठोकलं. निळा दिवा लागला. पुन्हा ठोकलं. निळा.

घरी नेली तर ती अशीच राहील. मी स्वयंपाकघरात ताटली ठोकेन, दाराची कडी वाजवेन, आणि पाच वर्षं आप्पा मला उद्या म्हणतील. त्यांचा धड राहिलेला कान तिच्यात होता आणि मिटलेलाही. मी जो कधी तपासला नाही, तो माझ्या हातात होता. त्याची नक्कल होत नाही. जगात त्यांचं असं दुसरं काही उरलं नव्हतं, शर्ट सोडले तर.

मी ती तशीच धरून किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. फरशीवर ड्रमांचे थर होते. प्रत्येकावर ठिपका होता, म्हणजे प्रत्येकासाठी कोणीतरी सकाळी यायला हवं होतं.

मी डबी जागेवर ठेवली आणि ऑफिसात जाऊन दुसऱ्या रस्त्यासमोर सही केली. खाली अट लिहिली: डबी हसीना मुजावर यांच्याकडून शिकेल, सकाळी साडेसहापासून, आणि शिकवणारी म्हणून त्यांचं नाव लागेल. निळा दिवा काढायचा नाही.

मगदूमांनी ते दोनदा वाचलं. "तीन महिने माल थांबणार," ते म्हणाले. मग हसीनाभाभींना म्हणाले, "परीक्षा तुम्हाला द्यावी लागंल. ट्रक कंपनीची माणसं येतील."

"येऊ देत की. आल्यावर त्यांचंबी ड्रम ठोकून बघतो," त्या म्हणाल्या. मगदूम हसले. मला वाटतं, मीही हसले.

मी रजा चार दिवस वाढवली. दुसऱ्या दिवशी साडेसहाला फाउंड्रीत गेले तेव्हा भट्टी थंड होती आणि बाहेर कोणी झाडत होतं, तेवढाच आवाज. हसीनाभाभींनी डबी चालू केली. मग आप्पांची हातोडी माझ्यापुढे केली. दांड्याला अंगठ्याच्या जागी खळगा पडला होता.

"मला येत नाही," मी म्हटलं.

"त्यात काय यायचंय? तुम्ही ठोका, मी ऐकतो."

मी तीन जागी ठोकलं. निळा दिवा लागला. त्यांनी डोळे मिटले, मान थोडी कलती केली आणि लाल बटण दाबलं. मी खडूने फुली मारली. तो आवाज मी नीट ऐकला होता. माझे कान उत्तम आहेत, दरवर्षी तपासते. मला काही कळलं नाही.

नाडगौडा म्हणाले होते, दोनेकशे ड्रम तरी लागतील. पहिल्या दिवशी आम्ही साठ केले, दुसऱ्या दिवशी ऐंशी. माझा खांदा दुखायला लागला. मधेच भाभी आप्पांचं काहीतरी सांगायच्या, म्हणजे ते डबा खाताना मिरची आधी बाजूला काढून ठेवायचे आणि शेवटी तीच खायचे. मी ऐकायचे आणि ठोकायचे. प्रत्येक वेळी डबी आधी निळा दिवा लावायची, मग भाभी बटण दाबायच्या.

तिसऱ्या दिवशी फरशी मोकळी झाली आणि रॅकचे खालचे दोन कप्पे उरले. एक ड्रम मी ओढला, पुसला, ठोकला. भाभींनी डोळे मिटले. त्यांचं बोट बटणाकडे जायच्या आत दिवा लागला.

लाल.

भाभींनी डोळे उघडले, दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरोबर हाय," त्या हळूच म्हणाल्या.

आप्पांना शेवटच्या वर्षात जे ऐकू आलं नाही, ते डबीला आलं होतं. तेवढ्या जागेवर आप्पा आता तिच्यात नव्हते.

मी ड्रमवर फुली मारली आणि पुढचा ओढला.